रुग्ण पोचला, प्रश्न पोचला नाही : एका संदर्भ-चिठ्ठीचा प्रकरण अभ्यास

‘मोठ्या रुग्णालयात जाऊन आलात ना, ताई?’ मी विचारलं.

‘हो डॉक्टर, जाऊन आले.’

मी पुढच्या महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या. एवढ्या बोलण्यावर आमचे जवळजवळ दहा महिने निघाले. त्यानंतर एका सकाळी त्यांचा मुलगा त्यांना धरून दवाखान्यात घेऊन आला. पायांवर आणि चेहऱ्यावर सूज होती, दोन दिवस उलट्या चालू होत्या आणि अंगात इतकी मरगळ होती की खुर्चीतून उठवत नव्हतं. रक्तातलं पोटॅशियम ६.४ निघालं आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ, ३.४. दोन्ही धोक्याच्या पातळीवर.

हे प्रकरण मी जबाबदारी कुणाच्या माथी मारण्यासाठी लिहीत नाही. त्यातली पहिली चूक माझीच आहे आणि ती पुढे नीट मांडली आहे. लिहायचं कारण वेगळं आहे. या दहा महिन्यांत आम्ही सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं. संदर्भ-चिठ्ठी, म्हणजे रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवताना लिहायची चिठ्ठी, दिली गेली, रुग्ण गेली, तपासलं गेलं, औषध दिलं गेलं, पुढची तारीखही दिली गेली. तरीही ज्या कारणासाठी त्यांना पाठवलं होतं ते काम झालं नाही, आणि ते झालं नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

चिठ्ठीच्या आधी

ताई तेव्हा ५४ वर्षांच्या होत्या आणि शिवणकाम करत होत्या. टाइप २ मधुमेहाला १३ वर्षं झाली होती, रक्तदाबाला आठ. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, अम्लोडिपिन आणि एनालाप्रिल अशी चार औषधं चालू होती. दर महिन्याला न चुकता येणाऱ्या रुग्णांपैकी त्या एक. अशा रुग्णांच्या बाबतीत डॉक्टर निश्चिंत होतो, आणि मीही झालो होतो. आदल्या वर्षीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.१ होतं. प्रयोगशाळेच्या कागदावर तो आकडा ठळक छापलेला नव्हता, म्हणून मी पान उलटलं.

इथे थोडं थांबायला हवं. क्रिएटिनिनचा आकडा एकटा फारसं बोलत नाही. वय आणि लिंग धरून त्यावरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याचा अंदाज, काढावा लागतो. त्या वयाच्या बाईच्या बाबतीत १.१ म्हणजे ईजीएफआर साधारण ६०. तरुणपणी तो ९०च्या वर असतो. म्हणजे ‘नॉर्मल’ वाटणाऱ्या त्या आकड्यामागे गाळण्याची बरीच ताकद आधीच कमी झालेली असू शकत होती. लघवीतल्या अल्ब्युमिनची (एका प्रथिनाची) तपासणी मधुमेहात दरवर्षी व्हायला हवी. ती माझ्याकडून दोन वर्षं राहून गेली होती.

पुढच्या वर्षी क्रिएटिनिन १.५ आलं, म्हणजे ईजीएफआर ४१. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं तरी तेच. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ६८० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम होतं. ३०च्या वरचं गुणोत्तर वाढलेलं धरतात, ३००च्या वर गेलं की तीव्र. मूत्रपिंडविकारासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या केडीआयजीओ मार्गदर्शिकेनुसार ईजीएफआरमधली टिकून राहिलेली २० टक्क्यांहून जास्त घसरण तज्ज्ञाकडे पाठवायला पुरेशी असते. इथे ती होती, शिवाय लघवीतलं अल्ब्युमिनही तीव्र वाढलेलं होतं. पाठवण्याचा निर्णय बरोबर होता.

चिठ्ठीवर मी लिहिलं होतं : ‘मधुमेह व रक्तदाबाची जुनी रुग्ण. क्रिएटिनिन वाढले आहे. कृपया तपासून योग्य ते उपचार करावेत.’

अशा चिठ्ठ्या मी वर्षानुवर्षं लिहीत आलो. वाचायला सभ्य आहे, पण त्यात प्रश्नच नाही. किती वाढलं, किती दिवसांत वाढलं, लघवीत काय आहे, कोणती औषधं चालू आहेत, मला कशाचं उत्तर हवं आहे, उत्तर येईपर्यंत मी काय करणार आहे, यातलं काहीच नाही. ‘योग्य ते उपचार करावेत’ या शब्दांनी मी माझ्या हातातलं काम खाली ठेवलं. समोरच्याने ते उचललं की नाही, हे पाहायला थांबलो नाही.

दहा महिने

पुढे काय घडलं ते आम्ही नंतर कागदपत्रं समोर ठेवून जुळवलं.

रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर चिठ्ठी दाखवली. तिच्यावर विभागाचं नाव नव्हतं आणि घाईचा उल्लेखही नव्हता. मधुमेह आणि रक्तदाब हे दोन शब्द वाचून तिथल्या माणसाने मेडिसिन ओपीडीचा केस पेपर काढला. त्याच्याकडे जी माहिती होती तिच्यावरून तो बरोबर वागला.

ओपीडीतल्या तरुण डॉक्टरांना रक्तदाब १६० वर १०० मिळाला. ताईंच्या पिशवीत त्या दिवशी औषधाचं एकच पाकीट होतं, अम्लोडिपिनचं. मधुमेह आहे, मूत्रपिंडाला त्रास दिसतो, रक्तदाब चढलेला आहे, तेव्हा त्यांनी टेल्मिसार्टन सुरू केलं. पुस्तकात हेच लिहिलेलं आहे. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगितलं, तेही बरोबर. शिवाय नेफ्रॉलॉजी, म्हणजे मूत्रपिंडविकार, ओपीडीची तारीख दिली. ती ११ आठवड्यांनंतरची होती.

त्यांना माहीत नव्हतं की ताई माझ्याकडून एनालाप्रिल घेत आहेत. एनालाप्रिल आणि टेल्मिसार्टन ही दोन्ही रक्तदाबाची औषधं शरीरातल्या एकाच यंत्रणेवर दोन ठिकाणी काम करतात. दोन्ही एकत्र दिली तर जास्त फायदा होईल अशी एके काळी आशा होती. २००८ साली ऑनटार्गेट या मोठ्या चाचणीत तसा जादा फायदा दिसला नाही, उलट मूत्रपिंडाच्या तक्रारी वाढल्या. मधुमेही मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांवरची व्हीए नेफ्रॉन-डी ही चाचणी तर पोटॅशियम वाढल्याने आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ लागल्याने मुदतीआधीच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१३ साली आले. हे आम्हा दोघा डॉक्टरांना ठाऊक होतं. पण माझं औषध त्यांना दिसत नव्हतं आणि त्यांचं मला.

दोन आठवड्यांनी करायची रक्ततपासणी ‘तुमच्या डॉक्टरांकडे करून घ्या’ असं ताईंना सांगितलं होतं. पुढच्या खेपेला त्या माझ्याकडे आल्या तेव्हा सिस्टरांनी नेहमीप्रमाणे बोटाला सुई टोचून साखर पाहिली. ताईंच्या लेखी रक्त तपासून झालं. हे कळलं तेव्हा मला फार लागलं. आम्ही ‘रक्त तपासा’ म्हणतो तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर एक असतं आणि रुग्णाच्या डोळ्यांसमोर दुसरंच. त्यांनी काहीच टाळलं नव्हतं, आपल्या समजुतीप्रमाणे सगळं पार पाडलं होतं.

आणि म्हणूनच त्यांचं ‘जाऊन आले’ हे उत्तर खरं होतं. त्या रुग्णालयात गेल्या होत्या, मोठ्या डॉक्टरांना भेटल्या होत्या, नवी गोळी घेऊन आल्या होत्या. आपण मूत्रपिंडाच्या तज्ज्ञाला भेटायला गेलो होतो आणि ती भेट झालीच नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. रुग्णालयाचा कागद त्यांच्या पिशवीत होता. मी तो मागितला नाही.

नेफ्रॉलॉजीच्या तारखेच्या आसपास शिवणाची कामं अंगावर आली होती, त्यात गुडघेही दुखत होते. किडनीचं म्हणाल तर काहीच त्रास नव्हता. मूत्रपिंडाचा विकार बराच पुढे जाईपर्यंत दुखत नाही आणि खुपतही नाही. त्या गेल्या नाहीत. संगणकात ‘अनुपस्थित’ अशी नोंद झाली आणि त्यांचं नाव यादीतून उतरलं. गुडघ्यांसाठी त्या दुकानातून आणलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक घेत राहिल्या. थकलेल्या मूत्रपिंडावर आधीच दोन औषधांचा ताण होता, हा तिसरा आला. मेटफॉर्मिनही पूर्ण मात्रेत चालू होतं. ईजीएफआर ४५च्या खाली गेला की त्याची मात्रा कमी करायचा विचार करायचा असतो आणि ३०च्या खाली ते बंद करायचं असतं. मी मात्र तज्ज्ञांच्या मताची वाट पाहत होतो.

वाट पाहणं हेही एक कृत्यच आहे, हे मला या प्रकरणाने शिकवलं. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटातली औषधं अशा रुग्णांत मूत्रपिंडाची घसरण मंद करतात. २०१९ची क्रेडेन्स आणि २०२०ची डापा-सीकेडी या चाचण्यांनी ते दाखवून दिलं होतं. ईजीएफआर ४१ असताना ते औषध मी स्वतः सुरू करू शकलो असतो. ‘आता तज्ज्ञ बघतील’ म्हणून केलं नाही. तज्ज्ञांना मात्र बघायला काही आलंच नव्हतं.

भरती आणि त्यानंतर

ईसीजीत बदल दिसत होते, म्हणून भरती तातडीने करावी लागली. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, डायक्लोफिनॅक आणि मेटफॉर्मिन थांबवलं. औषधांनीच पोटॅशियम खाली आलं, डायलिसिस टळलं. क्रिएटिनिन ३.४ होतं तेव्हा ईजीएफआर १५ होता. काही आठवड्यांत क्रिएटिनिन २.४ वर स्थिरावलं, म्हणजे ईजीएफआर २३. ४१ परत आला नाही. त्यातली किती घसरण आजाराची होती आणि किती आमची, हे कुणी सांगू शकत नाही. पण आमचा वाटा शून्य नव्हता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

घरी सोडल्यावर रुग्णालयातल्या नेफ्रॉलॉजिस्ट मॅडमनी मला फोन केला. त्यांच्या स्वरात दोष नव्हता. ‘तुमची चिठ्ठी माझ्या टेबलावर कधी आलीच नाही,’ एवढंच त्या म्हणाल्या. त्यातून एक बैठक ठरली. त्या, मी, आमच्या सिस्टर, ओपीडीतले ते तरुण डॉक्टर, नोंदणी खिडकीवरचे कर्मचारी आणि ताई स्वतः. ताईंना बोलवायचं सिस्टरांनी सुचवलं. मी कचरत होतो, पण त्या बैठकीतली सगळ्यांत उपयोगी माहिती ताईंकडूनच मिळाली. त्या म्हणाल्या, ‘मला कुणीच सांगितलं नाही की मी ज्यासाठी गेले ते झालंच नाही.’

आम्ही दिवसभर एकच गोष्ट केली. चिठ्ठी माझ्या हातून निघाल्यापासून ती कुठेकुठे गेली, प्रत्येक टप्प्यावर कुणाला काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं, ते भिंतीवर लावलेल्या कागदावर लिहीत गेलो. कागद भरला तेव्हा ध्यानात आलं की माहिती प्रत्येक ठिकाणी थोडी गळली होती आणि ती गळल्याचा आवाज कुठेच झाला नव्हता. अपघातातला रुग्ण रुग्णालयात पोचला नाही तर तासाभरात बोंब होते. मधुमेहाचा रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोचला नाही तर महिनोन्‌महिने शांतता असते, आणि ती शांतता आम्हाला सगळं ठीक असल्यासारखी वाटते. दीर्घकालीन आजारांच्या संदर्भ सेवेत मला धोका दिसतो तो इथे.

हे काही आमच्याच वाट्याला आलेलं नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. रुग्णाची माहिती आणि पाठवण्याचं कारण आपण नेहमी किंवा बहुतेक वेळा कळवतो, असं ६९.३ टक्के प्राथमिक डॉक्टरांनी सांगितलं. अशी माहिती मिळते असं म्हणणारे तज्ज्ञ होते ३४.८ टक्के. उलट दिशेलाही तसंच. अहवाल पाठवतो म्हणणारे तज्ज्ञ ८०.६ टक्के, मिळतो म्हणणारे प्राथमिक डॉक्टर ६२.२ टक्के. दोन्ही बाजू खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. पाठवलं म्हणजे पोचलं, अशी दोघांचीही समजूत असते. २०१८ साली तिथल्याच एका मोठ्या आरोग्यसेवेतल्या एक लाखाहून अधिक संदर्भांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तज्ज्ञाची भेट पूर्ण झाल्याची नोंद त्यांतल्या सुमारे ३५ टक्क्यांचीच सापडली. तिथे संगणकीय नोंदी होत्या, म्हणून निदान हा आकडा काढता तरी आला. माझ्या दवाखान्यात त्या दिवसापर्यंत मी किती चिठ्ठ्या दिल्या आणि त्यांचं पुढे काय झालं, हे मला सांगताच आलं नसतं.

काय बदललं

पहिल्यांदा चिठ्ठी बदलली. आता ती एका प्रश्नाने सुरू होते. ताईंची चिठ्ठी आज लिहिली असती तर ती अशी झाली असती : ‘एका वर्षात ईजीएफआर ६० वरून ४१ वर आला आहे. लघवीतलं अल्ब्युमिन ६८०. ही घसरण मधुमेहाचीच आहे की आणखी काही कारण शोधायचं? रेटिना तपासणीचा अहवाल जोडला आहे. चालू औषधं : (चारही नावं, मात्रेसह). मी एम्पाग्लिफ्लोझिन सुरू करत आहे आणि मेटफॉर्मिन निम्मं करत आहे. एनालाप्रिल चालू आहे, त्यात बदल केल्यास कृपया कळवावे. चार आठवड्यांच्या आत भेट व्हावी ही विनंती.’ आकड्यांसोबत तारखा असतात, कारण तज्ज्ञाला आजच्या आकड्यापेक्षा उताराचा वेग जास्त सांगून जातो. रेटिनाचा उल्लेखही उगाच नाही. मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेलं असताना डोळ्यांच्या पडद्यावर खुणा नसतील, तर तज्ज्ञ दुसरं कारण शोधण्याचा विचार करतात. ताईंना डोळे तपासायला तीन वेगवेगळ्या वर्षी लिहून दिलं होतं. तेही एकदाही झालं नव्हतं, आणि मला ते माहीत नव्हतं.

दुसरा बदल अगदी साधा, पण माझ्या मते सगळ्यांत मोठा. एक वही. सिस्टर तीत प्रत्येक संदर्भ लिहितात. पुढे चार रकाने : तारीख मिळाली का, रुग्ण तज्ज्ञाला भेटली का, उत्तर आलं का, ते उत्तर रुग्णाला समजावलं का. चौथा रकाना भरल्याशिवाय ओळ बंद होत नाही. दर सोमवारी सकाळी उघड्या ओळी वाचल्या जातात आणि सिस्टर त्या रुग्णांना फोन करतात. ‘जाऊन आलात का’ असं त्या विचारत नाहीत. ‘कुठल्या डॉक्टरांना भेटलात, त्यांनी काय बदललं, कागद घेऊन या’ असं विचारतात.

अमेरिकेतल्या रुग्णसुरक्षेच्या संस्थांनी २०१७ साली संदर्भाची साखळी बंद करण्यासाठी नऊ टप्पे मांडले होते. चिठ्ठी लिहिण्यापासून सुरू होऊन ते पुढच्या उपचाराची योजना रुग्णाला आणि कुटुंबाला कळवण्यापर्यंत जातात. आमच्या चार रकान्यांत ते बरेचसे मावतात. आधी सॉफ्टवेअर घ्यायचं चाललं होतं. वहीपासून सुरुवात करायचा हट्ट मी धरला आणि तो योग्य होता असं आजही वाटतं. उघडी ओळ वाचायची जबाबदारी कुणाची, हे ठरलेलं नसेल तर संगणकावरची लाल खूणही भिंतीच्या रंगासारखी दिसेनाशी होते. वही सिस्टरांची आहे. त्या रजेवर असल्या की कुणाची, हेही पहिल्या पानावर लिहिलेलं आहे.

रुग्णालयाच्या बाजूने मॅडमनी केलेला बदल त्यांच्यासाठी जास्त कष्टाचा होता. आता चिठ्ठ्या नोंदणी खिडकीवर विभागत नाहीत, त्या आधी नेफ्रॉलॉजी विभागात वाचल्या जातात. मॅडम किंवा त्यांचे सहकारी रोज थोडा वेळ त्यासाठी ठेवतात. कुणाला या आठवड्यात बोलवायचं, कुणाला दोन महिन्यांनी चालेल, कुणाच्या चिठ्ठीत आवश्यक आकडेच नाहीत म्हणून परत विचारायचं आणि कुणाला भेटीची गरजच नाही, नुसतं लेखी मत पुरेल, हे ते ठरवतात. सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलमध्ये पोटविकार विभागात २००५ साली सुरू झालेली पद्धत अशीच होती. तज्ज्ञाने आधी प्रत्येक संदर्भ वाचायचा, गरज पडल्यास पाठवणाऱ्या डॉक्टरांशी लेखी बोलायचं, मगच तारीख द्यायची. पुढे ती तिथल्या इतर विभागांत पसरली. कॅनडातल्या ऑटावा भागात २०१०च्या सुमारास सुरू झालेल्या ई-कन्सल्ट सेवेतही प्राथमिक डॉक्टरांचे पुष्कळ प्रश्न रुग्णाला न हलवता सुटू लागले.

‘अनुपस्थित’ या शब्दाचा अर्थही बदलला. नेफ्रॉलॉजीच्या तारखेला रुग्ण आली नाही तर नाव उतरवलं जात नाही. त्याच दिवशी मला एका ओळीचा निरोप येतो. मग सिस्टर फोन करतात. कारणं ऐकली की बहुतेक वेळा रुग्णाने टाळलेलं नसतं. तारीख कळली नसते, सोबत यायला कुणी नसतं, नाहीतर आपल्याला आता बरं आहे असं वाटत असतं.

औषधांबद्दल एकच नियम ठरला. रुग्णाजवळ औषधांची एक यादी राहील, त्याच कागदावर प्रत्येक डॉक्टर बदल लिहील आणि बदल करणाराच त्यानंतरच्या तपासणीची तारीख आणि ती कोण पाहणार ते लिहील. ‘तुमच्या डॉक्टरांकडे करून घ्या’ हे वाक्य आता चालत नाही.

जे सोपं गेलं नाही

पहिले काही आठवडे अवघड होते. वहीतल्या उघड्या ओळी भराभर वाढल्या आणि सिस्टर एकदा रडकुंडीला आल्या. इतकी वर्षं न दिसणारं काम एकदम दिसू लागलं होतं. त्यांच्या इतर कामांतली दोन मी काढून घेतली नसती तर वही महिन्याभरात बंद पडली असती. संदर्भ व्यवस्था सुधारायला निघालेल्या प्रत्येकाला माझं हे कळकळीचं सांगणं आहे : पाठपुरावा हे कुणाचं तरी काम असतं, त्याला तास लागतात. ते आधी मोकळे करा.

दुसरी अडचण उलट दिशेची. मी घाबरून जरा जास्तच रुग्ण पाठवू लागलो. ८० वर्षांचे एक आजोबा, ईजीएफआर ४२, गेली चार वर्षं तेवढाच, लघवीत अल्ब्युमिन नाही. त्यांनाही चिठ्ठी दिली. मॅडमनी ती लेखी उत्तरासह परत पाठवली आणि सोबत केएफआरई हे सूत्र समजावलं. वय, लिंग, ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन या चार गोष्टींवरून येत्या दोन किंवा पाच वर्षांत मूत्रपिंड निकामी होण्याची शक्यता ते काढतं. कॅनडातल्या रुग्णांच्या माहितीवर ते बांधलं गेलं आणि २०११ साली प्रसिद्ध झालं. केडीआयजीओच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत पाच वर्षांचा धोका ३ ते ५ टक्के हा तज्ज्ञाकडे पाठवण्याचा एक निकष म्हणून दिला आहे. दोन वर्षांचा धोका १० टक्क्यांच्या वर गेला की आहारतज्ज्ञ, समुपदेशक अशा सगळ्या चमूची मदत घ्यावी आणि ४० टक्क्यांच्या वर गेला की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची तयारी सुरू करावी, असंही त्यात आहे. आकडे जवळजवळ सारखेच, पण आजोबांचा ४२ जवळजवळ निर्धोक होता आणि ताईंचा ४१ धोक्याचा. तज्ज्ञांचा वेळ आजोबांसारख्यांवर गेला तर ताईंसारख्यांची तारीख ११ आठवड्यांनी पडते. उशिरा पाठवणं आणि अति पाठवणं यांचं नातं इतकं जवळचं असेल असं मला वाटलं नव्हतं.

परतीच्या वाटेचंही तसंच. स्थिर रुग्ण वर्षानुवर्षं तज्ज्ञांच्या ओपीडीत फिरत राहतात, कारण त्यांना परत पाठवताना काय लिहायचं हे ठरलेलं नसतं. आता मॅडम लिहितात : कोणत्या तपासण्या किती महिन्यांनी करायच्या, कोणता आकडा ओलांडला की परत पाठवायचं आणि काय झालं तर तारखेची वाट न पाहता फोन करायचा. अशा कागदासह परत आलेला रुग्ण सांभाळताना मला भीती वाटत नाही. यातलं अजून सगळं बसलेलं नाही. हृदयविकार आणि डोळ्यांच्या विभागांशी असा करार अजून झालेला नाही आणि तिकडच्या ओळी वहीत जास्त काळ उघड्या राहतात.

ताई आज

ईजीएफआर २३ वर टिकून आहे. पोटॅशियम सावरल्यावर मॅडमनी एम्पाग्लिफ्लोझिन सुरू केलं. काही आठवड्यांनी एनालाप्रिल कमी मात्रेत परत आणलं आणि दोन आठवड्यांनी रक्त तपासलं, शिरेतून काढलेलं रक्त. गुडघ्यांसाठी आता व्यायाम आणि पॅरासिटामॉल आहे. डाव्या हाताच्या शिरा जपायच्या आहेत, कारण पुढे डायलिसिस लागलंच तर फिस्टुला, म्हणजे त्यासाठी धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेली जागा, त्या हातावर करता येईल. म्हणून आमच्या दवाखान्यात त्यांचं रक्त उजव्या हाताच्या मागच्या बाजूने काढतात आणि तशी सूचना त्यांच्या औषधांच्या यादीवर वर लिहिलेली आहे. फिस्टुला परिपक्व व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. आयत्या वेळी करून भागत नाही.

पूर्वी यादी कपाटात ठेवणाऱ्या ताई आता ती पिशवीत घेऊनच येतात. गेल्या खेपेला त्यांनीच मला विचारलं, ‘डॉक्टर, मॅडमचं उत्तर आलं का तुमच्याकडे? मला सांगितलं होतं की आठवड्यात पाठवते.’

आलं नव्हतं. वहीत त्यांची ओळ उघडी होती. पुढच्या सोमवारी सिस्टरांनी फोन केला, मंगळवारी उत्तर आलं आणि बुधवारी मी ते ताईंना वाचून दाखवलं. चौथ्या रकान्यात सिस्टरांनी तारीख घातली आणि खाली ताईंच्या पुढच्या रक्ततपासणीसाठी नवी ओळ सुरू केली.